बंद न होणारा लॅपटॉप

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने शिरपूरच्या दिशेने निघाले की वाटेत नरडाणा लागते. शिंदखेडा तालुक्यातले हे गाव सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचे स्टेशन आहे, बाजूला एमआयडीसी आहे आणि आसपासच्या खेड्यांचा राबता इथे असतो. अशा गावात लॅपटॉप कुठे कुठे असतो? सेवा केंद्राच्या टेबलावर, कारखान्याच्या स्टोअरमध्ये, खत-बियाण्याच्या दुकानात गल्ल्याशेजारी, शाळेच्या कार्यालयात आणि धुळ्या-शिरपूरला शिकायला जाणाऱ्या मुलामुलींच्या पाठीवर. यातला जवळजवळ प्रत्येक लॅपटॉप त्या जागेवरचा एकुलता एक असतो. शहरातल्या ऑफिसात एक बिघडला तर दुसरा पुढे येतो. इथे तो धुळ्याला दुरुस्तीला गेला की परत येईपर्यंत काम थांबते.

लॅपटॉप चालू होत नसेल तर माणूस त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे धावतो. पण ‘हाऊ लॅपटॉप बंदच व्हत नही’ ही तक्रार महिनोन्‌महिने तशीच राहते. शट डाउन मारायचे, गोल फिरताना बघायचे, कंटाळा आला की बटण दाबून धरायचे आणि झाकण लावायचे. सकाळी तो पुन्हा चालू होतो, म्हणून कुणाला त्यात बिघाड वाटत नाही. मला हा बिघाड चालू न होण्याइतकाच गंभीर वाटतो. चालू न होणारा लॅपटॉप निदान आपले म्हणणे लगेच सांगतो. बंद न होणारा मात्र रोज संध्याकाळी थोडी थोडी माहिती पणाला लावतो, आणि एखाद्या दिवशी हिशेबाची अख्खी फाइल उघडेनाशी होते.

आधी हे समजून घेऊ की शट डाउन म्हटल्यावर आत काय होते. हंगामात जिनिंग चालू असताना कुणी थेट मेन स्विच पाडत नाही. आधी कापूस टाकणे थांबवतात, रोलरमध्ये अडकलेला कापूस निघून जाऊ देतात, मग मशीन, मग पंखे, आणि सर्वांत शेवटी मेन स्विच. लॅपटॉपचेही तसेच आहे. विंडोज आधी उघड्या प्रोग्रॅमना एकेक करून विचारते: मी बंद होत आहे, तुझे काही राहिले आहे का? वर्डमध्ये न साठवलेले पत्र असेल तर वर्ड हात वर करते. सुमारे पाच सेकंदांत ज्याचे उत्तर येत नाही त्याचे नाव पडद्यावर येते आणि ‘तरीही बंद करू का’ असे तुम्हाला विचारले जाते. प्रोग्रॅम गेले की पडद्यामागच्या सेवांची पाळी येते: प्रिंटरची रांग सांभाळणारी, अँटिव्हायरस, अंगठा घेणाऱ्या यंत्राची. मग मेमरीत थांबवून ठेवलेली माहिती डिस्कवर उतरवली जाते. वेग वाढावा म्हणून विंडोज प्रत्येक अक्षर लगेच डिस्कवर लिहीत नाही. काही काळ ते मेमरीत साठवते आणि सवडीने लिहिते. त्यानंतर ड्रायव्हरना, म्हणजे वायफाय, ग्राफिक्स, यूएसबी अशा प्रत्येक भागाची सूत्रे हाती असलेल्या छोट्या प्रोग्रॅमना, आपापला भाग बंद करायला सांगितले जाते. सगळ्यांची उत्तरे आली की विंडोज मदरबोर्डला शेवटचा निरोप देते आणि वीज तुटते.

या साखळीत कुठल्याही एका टप्प्यावर उत्तर आले नाही तर सगळे तिथेच थांबते. म्हणून बंद न होणाऱ्या लॅपटॉपबाबत प्रश्न एकच असतो: तो कुणाची वाट बघतो आहे? या प्रकरणात पुढे जे काही आहे ते या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचेच मार्ग आहेत.

वीज तोडण्याचे काम सॉफ्टवेअरकडे कधी आले, हेही थोडक्यात सांगतो, कारण अर्धा घोटाळा तिथून सुरू होतो. जुन्या डेस्कटॉपचे बटण विजेच्या बोर्डावरच्या बटणासारखेच थेट वीज तोडत असे. विंडोज ९५ च्या काळात संगणक वापरलेल्यांना काळ्या पडद्यावरची नारिंगी अक्षरे आठवत असतील: आता संगणक बंद करायला हरकत नाही, अशा अर्थाचे ते वाक्य होते. म्हणजे सॉफ्टवेअर आपले आवरून घेई आणि बटण माणूस दाबत असे. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही रचना आणली. तिच्यात पुढचे बटण वीज तोडत नाही, फक्त मदरबोर्डला इशारा देते. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे मानक जाहीर केले आणि वीज सांभाळण्याची जबाबदारी ऑपरेटिंग सिस्टिमकडे गेली. सोय मोठी झाली, पण त्याबरोबर नवा बिघाडही आला. बंद व्हायला आता विंडोज, ड्रायव्हर आणि मदरबोर्डवरच बसवलेला बायोस हा मूळ प्रोग्रॅम, या तिघांचे एकमत लागू लागले. १९९९ च्या विंडोज ९८ सेकंड एडिशनमध्ये हे एकमत इतक्या संगणकांवर मोडले, की मायक्रोसॉफ्टला केवळ शट डाउनसाठी वेगळी दुरुस्ती काढावी लागली. म्हणजे हा बिघाड तुमच्या लॅपटॉपपुरता नाही आणि तुमच्या हातून काही चुकले म्हणून आलेलाही नाही.

दुसरा बदल २०१२ चा, आणि तो बहुसंख्य लोकांना अजून ठाऊक नाही. त्या वर्षी आलेल्या विंडोज ८ पासून शट डाउन म्हटले की लॅपटॉप पूर्ण बंद होत नाही. तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर ज्या स्थितीत आहेत त्या स्थितीचे चित्र डिस्कवर साठवले जाते, आणि दुसऱ्या दिवशी तेच चित्र उचलून लॅपटॉप झटकन उभा राहतो. याला फास्ट स्टार्टअप म्हणतात. विंडोज १० आणि ११ मध्येही बहुतेक लॅपटॉपवर ते मुळातच चालू असते. ‘रीस्टार्ट’ मात्र सगळे खरोखर पुसून नव्याने सुरू करते. शट डाउनपेक्षा रीस्टार्ट अधिक पक्के, हे ऐकायला उलटे वाटते, पण २०१२ पासून वस्तुस्थिती तीच आहे.

पडताळून बघायचे असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग सीपीयू निवडा आणि खाली ‘अप टाइम’ बघा. रोज संध्याकाळी शट डाउन करणाऱ्याच्या लॅपटॉपवरही तिथे कित्येक दिवसांचा आकडा दिसू शकतो. गाभा तेवढे दिवस नव्याने सुरू झालेलाच नसतो. जुलैमध्ये पीकविम्याची मुदत जवळ आली की सेवा केंद्रावरचा लॅपटॉप सकाळपासून रात्रीपर्यंत चालतो. रात्री नुसते झाकण लावले जाते, सकाळी उघडले जाते. अंगठ्याचे यंत्र, प्रिंटर, स्कॅनर दिवसातून दहादा काढले-घातले जातात. कुठला तरी ड्रायव्हर या गडबडीत अडकतो, आणि फास्ट स्टार्टअप त्या अडकलेल्या स्थितीचेच चित्र रोज जपून ठेवते. म्हणून कुठलाही उपाय करण्याआधी एकदा रीस्टार्ट करावे आणि त्यानंतर शट डाउन करून बघावे. पुष्कळ तक्रारी इथेच संपतात.

तक्रार उरलीच, तर शिफ्ट बटण दाबून ठेवून शट डाउनवर क्लिक करा. असे केले की त्या वेळेपुरते फास्ट स्टार्टअप बाजूला राहते आणि लॅपटॉप पूर्ण बंद होतो. शिफ्टसह नीट बंद होतो आणि शिफ्टशिवाय अडकतो, असे दोन-तीनदा दिसले तर दोषी सापडला. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा. डाव्या बाजूला पॉवर बटणांनी काय करावे हे ठरवणारी ओळ आहे, तिच्यावर जा. वरची निळी ओळ दाबली की खालच्या चौकोनी खुणा बदलता येतात. तिथली फास्ट स्टार्टअपची खूण काढा. सकाळी लॅपटॉप थोडा उशिरा सुरू होईल. एसएसडी असेल तर हा फरक जाणवणारही नाही. माझे स्पष्ट मत असे, की अनेक यूएसबी यंत्रे जोडलेल्या, दिवसभर राबणाऱ्या लॅपटॉपवर फास्ट स्टार्टअप बंदच ठेवावे. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकलेल्या विद्यार्थ्यांनी तर ते नक्की बंद करावे. ते चालू असेल तर लिनक्सकडून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही, आणि जबरदस्तीने लिहिले तर माहिती बिघडण्याचा धोका असतो.

यानेही भागले नाही, तर लॅपटॉप नेमका कोणत्या अवस्थेत अडकतो ते बघायचे. दुरुस्तीवाल्याला फोनवर ‘बंद होत नाही’ एवढेच सांगितले तर त्याच्या हाती काहीच लागत नाही. पडदा चालू आहे की काळा, दिवा पेटलेला आहे का, पंखा फिरतो का, हे सांगितले तर तो अर्ध्या वाटेवर पोचतो.

पडदा चालू आणि गोल फिरते आहे, अशी अवस्था असेल तर साखळीच्या पहिल्या अर्ध्या भागात, म्हणजे प्रोग्रॅम किंवा सेवांमध्ये, अडकले आहे. तिथे अपडेट चालू असल्याचा मजकूर असेल तर मात्र हात लावू नका. जुन्या हार्ड डिस्कच्या लॅपटॉपवर मोठे अपडेट तासभरही घेऊ शकते. चार्जर लावून ठेवा आणि दुसरे काम करा. अपडेट अर्धवट असताना बटण दाबून धरणे हे लॅपटॉपवर ‘विंडोज टाकायची’ पाळी येण्याचे एक ठरलेले कारण आहे. आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून हे अधिकच जपायला हवे. बॅटरी पूर्ण बाद झालेले आणि फक्त चार्जरवर चालणारे लॅपटॉप गावोगाव दिसतात. अशा लॅपटॉपला लाईट जाणे म्हणजे दर वेळी मेन स्विच पाडणेच. नवी बॅटरी महाग वाटते, पण निदान वायफाय राउटरबरोबर लॅपटॉपचा चार्जरही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावा.

अपडेट नसताना गोल फिरत राहते, तेव्हा संशय बाहेरून जोडलेल्या वस्तूंवर घ्यावा. प्रिंटर, थंब मशीन, डिजिटल सहीचे डोंगल, पेनड्राइव्ह, मोबाइलची केबल, सगळे काढा आणि मग शट डाउन करा. नीट बंद झाला तर दुसऱ्या दिवशी एकेक वस्तू परत जोडत जा. जिच्यामुळे अडकते तिचा ड्रायव्हर आणि तिच्याबरोबर आलेला प्रोग्रॅम काढून टाका आणि कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून नवा घ्या. प्रिंटरच्या रांगेत जुनी, न छापली गेलेली कागदपत्रे अडकून पडली असतील तर तीही पुसा. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी बसवलेले असतील तर एक काढा, कारण ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात.

बाहेरच्या वस्तू निर्दोष ठरल्या तर आतल्या सेवांची झडती घ्यायची. यासाठी विंडोजमध्ये सिस्टिम कॉन्फिगरेशन नावाची खिडकी आहे. तिच्यात सर्व्हिसेसच्या पानावर आधी मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवण्याची खूण करा. ही खूण विसरू नका, नाहीतर विंडोजच्या स्वतःच्या सेवा बंद पडतील. उरलेल्या सगळ्या सेवा बंद करा, रीस्टार्ट करा आणि मग शट डाउन करून बघा. आता नीट बंद होत असेल तर गुन्हेगार याच यादीत आहे. यादी मोठी असली तरी एकेक तपासत बसू नये. निम्म्या सेवा चालू करून बघा. अडकला तर दोष त्या निम्म्यात, नाही अडकला तर उरलेल्यांत. पुन्हा त्यातल्या निम्म्या. सोळा सेवा असतील तर अशा चार फेऱ्यांत एक नाव हाती लागते. हे काम कुणीही शांत डोक्याचा माणूस करू शकतो, त्याला अभियंता असण्याची गरज नाही. फक्त काम संपल्यावर निर्दोष सेवा परत चालू करायला विसरू नये.

पडदा काळा, पण दिवा पेटलेला आणि पंखा फिरतो आहे, ही अवस्था वेगळी आहे. इथे विंडोजने आपले बहुतेक काम संपवलेले असते आणि ड्रायव्हर किंवा बायोसच्या पातळीवर शेवटची वीज तुटत नाही. जुलै २०१५ मध्ये विंडोज १० आले तेव्हा हा प्रकार फार झाला. अनेक कंपन्यांच्या लॅपटॉपवर तो इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिन या भागाच्या नव्या ड्रायव्हरमुळे होत होता आणि जुना ड्रायव्हर परत टाकला की थांबत होता. यातून शिकण्यासारखे हे, की विंडोजने आपणहून बसवलेला ड्रायव्हर प्रत्येक लॅपटॉपला मानवतोच असे नाही. लॅपटॉपच्या खालच्या पट्टीवर मॉडेलचा क्रमांक असतो. कंपनीच्या संकेतस्थळावर तो टाकून चिपसेट, ग्राफिक्स आणि मॅनेजमेंट इंजिन यांचे त्याच मॉडेलसाठीचे ड्रायव्हर घ्यावेत. बायोसचे अपडेटही तिथेच मिळते, पण ते बॅटरी पूर्ण चार्ज असताना आणि चार्जर लावूनच करावे. बायोस लिहिले जात असताना वीज गेली तर लॅपटॉप पुन्हा सुरूच न होण्याची शक्यता असते. लाईटचा भरवसा नसलेल्या दिवशी आणि बाद बॅटरीवर ते काम काढू नये.

हाच दोष कधी निळ्या पडद्याच्या रूपात समोर येतो आणि त्यावर ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ असे लिहिलेले असते. एखाद्या ड्रायव्हरला झोपायला किंवा बंद व्हायला सांगितले आणि त्याने ठरलेल्या वेळेत उत्तर दिले नाही, तर विंडोज शेवटी हात टेकते, असा त्याचा अर्थ. बटण लवकर दाबून धरणाऱ्याला हा पडदा कधीच दिसत नाही, आणि त्याच्याबरोबर दोषी ड्रायव्हरचा पुरावाही जातो. एखाद्या सुटीच्या दिवशी चार्जर लावून लॅपटॉपला पंधरा-वीस मिनिटे तसाच अडकू द्यावा आणि जे दिसेल त्याचा मोबाइलवर फोटो काढावा. दुरुस्तीवाल्याला त्या फोटोइतकी मोलाची दुसरी वस्तू नाही.

लॅपटॉप बंद होतो आणि लगेच आपोआप चालू होतो, अशीही तक्रार असते. तिची कारणे दोन-तीनच आहेत. बंद होता होता विंडोज कोसळते आणि कोसळल्यावर आपोआप पुन्हा सुरू व्हायचे, असे मुळातच ठरवलेले असते. सिस्टिमच्या प्रगत सेटिंगमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरी या भागातली आपोआप रीस्टार्टची खूण काढली की खरा निळा पडदा दिसू लागतो. नेटवर्कची केबल जोडलेली असेल तर नेटवर्कवरून लॅपटॉपला जागे करण्याची सोय बंद करून बघावी. आणि काही वेळा दोष खुद्द विंडोजचाच असतो. ‘अपडेट करून बंद करा’ हा पर्याय निवडला तरी लॅपटॉप अपडेट करून बंद होण्याऐवजी पुन्हा सुरू होऊन बसायचा, हा अनुभव लोकांनी कित्येक वर्षे घेतला. मायक्रोसॉफ्टने त्याची दुरुस्ती ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस दिली. पुढे १३ जानेवारी २०२६ च्या सुरक्षा अपडेटनंतर विंडोज ११ च्या २३एच२ आवृत्तीवर, सिक्युअर लाँच ही सोय चालू असलेली काही यंत्रे शट डाउन केल्यावर रीस्टार्ट होऊ लागली. त्यासाठी काही दिवसांतच तातडीचे अपडेट काढावे लागले. म्हणून त्रास एखाद्या अपडेटनंतर लगेच सुरू झाला असेल, तर अपडेटच्या इतिहासात तारीख बघावी आणि पुढचे अपडेट आले आहे का ते तपासावे. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, त्यामुळे तिथे असा नवा दोष निघाला तर आपोआप दुरुस्ती येईल या भरवशावर राहता येणार नाही.

बंद झालाय असे वाटून बॅगेत टाकलेला लॅपटॉप आतच चालू राहणे, ही खानदेशात मला सर्वांत काळजीची गोष्ट वाटते. मे महिन्यात इथे पारा ४३-४४ अंशांवर जातो. बहुतेक कंपन्या लॅपटॉप साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असे सांगतात. दुपारच्या एसटीत, बंद बॅगेत, वह्यांच्या मध्ये दाबलेला लॅपटॉप आतून चालू असेल तर पंख्याला हवाच मिळत नाही. बॅटरीचे आयुष्य त्यात झपाट्याने कमी होते, ती फुगू शकते. फुगलेल्या बॅटरीचा लॅपटॉप वापरणे ताबडतोब थांबवावे. टचपॅड वर आलेला किंवा झाकण नीट न बसणारा लॅपटॉप दिसला तर आधी बॅटरीचाच संशय घ्यावा. अनेक नव्या लॅपटॉपचे झाकण लावले तरी ते पूर्ण झोपत नाहीत, मोबाइलसारखे अर्धवट जागे राहतात. त्यामुळे बॅगेत टाकण्यापूर्वी झाकणावर विसंबू नये. शट डाउन करावे, दिवा विझल्याचे डोळ्यांनी बघावे, तळाला हात लावून पंखा थांबल्याची खात्री करावी आणि मगच चेन ओढावी. कॉलेजला जाणाऱ्या मुलांना घरच्यांनी ही सवय लावावी, हे मी आग्रहाने सांगेन.

आता बटणाबद्दल. एसीपीआय मानकातच तशी तरतूद आहे: बटण चार सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरले की सॉफ्टवेअरला न विचारता वीज तुटते. काही लॅपटॉपवर त्यासाठी दहा सेकंद किंवा अधिक लागतात. ही सोय संकटासाठी आहे, रोजच्या वापरासाठी नाही. विंडोजची एनटीएफएस ही डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत आपल्या बदलांची नोंदवही ठेवते, म्हणून अचानक वीज गेली तरी डिस्कची रचना सहसा वाचते. पण ती वही कोणती फाइल कुठे आहे याची असते, फाइलीतल्या मजकुराची नसते. म्हणजे फाइल जागेवर दिसते, पण शेवटचा मजकूर तिच्यात नसतो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कंपनीची माहिती उघडी असताना असे झाले तर सगळा डेटा दुरुस्त करून घेण्याची वेळ येते. बटण दाबून धरायची पाळी आलीच, तर आधी डिस्कचा दिवा लुकलुकतो आहे का बघा. तो शांत होईपर्यंत थांबा. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप सुरू झाल्यावर ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये टूल्सच्या पानावरून चुकांची तपासणी करून घ्या. आणि त्याच दिवशी महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा.

बटण दाबूनही दिवा विझत नसेल तर चार्जर काढा. बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा आणि बटण अर्धा मिनिट दाबून धरा, म्हणजे सर्किटमध्ये उरलेली वीज निघून जाते. बॅटरी आत बसवलेली असेल तर घरी स्क्रू उघडू नयेत. चार्जर काढून बटण दाबून धरावे, आणि तेवढ्याने न भागल्यास बॅटरी आपोआप उतरू द्यावी.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी एवढेच पुरे, की तिथे अडकलेल्या सेवेचे नाव पडद्यावर येते आणि तिला साधारण दीड मिनिट दिले जाते. त्यानंतर यंत्रणा तिला बळजबरीने थांबवते. तेवढा वेळ थांबावे आणि ते नाव लिहून घ्यावे.

विंडोजही नाव लिहून ठेवते, पण ते शोधावे लागते. इव्हेंट व्ह्यूअर नावाची तिची दैनंदिनी आहे. त्यात विंडोज लॉग्समध्ये सिस्टिम उघडले की क्रमांकांची रांग दिसते. १०७४ म्हणजे कुणी तरी, किंवा कुठल्या तरी प्रोग्रॅमने, बंद करण्याची आज्ञा दिली. कुणी, तेही तिथेच लिहिलेले असते. ६००६ म्हणजे दैनंदिनी नीट मिटली, बंद होणे व्यवस्थित झाले. ६००८ म्हणजे मागचे बंद होणे अनपेक्षित होते. ४१ म्हणजे नीट बंद न होता वीज गेली. संध्याकाळी १०७४ आहे पण त्यामागोमाग ६००६ नाही आणि सकाळी ४१ आहे, असे दिसले तर रात्री आज्ञा मिळाली पण काम पुरे झाले नाही, हे सिद्ध होते. या दोन नोंदींच्या मधल्या वेळेत जी तांबडी किंवा पिवळी खूण असेल तिच्यात बहुधा अडकलेल्या सेवेचे वा ड्रायव्हरचे नाव असते. गावातली कुठलीही बारावीची मुलगी दहा मिनिटांत हे वाचायला शिकेल. शाळेत संगणक शिकवणाऱ्यांनी पेंट आणि वर्डच्या जोडीला हा एक तास ठेवावा.

यापुढची पायरी म्हणजे ‘फॉरमॅट मारून घ्या’. दुकानात लॅपटॉप गेला की हा सल्ला पहिल्या दोन मिनिटांत मिळतो, कारण त्यात दुरुस्तीवाल्याचा वेळ वाचतो. फॉरमॅटने तक्रार पुष्कळदा जातेही, पण कारण कळत नाही. तोच प्रिंटर, तोच ड्रायव्हर आणि तेच फास्ट स्टार्टअप परत आल्यावर महिन्या-दोन महिन्यांत तक्रारही परत येते. मधल्या काळात मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर, डिजिटल सहीची मांडणी, थंब मशीनची नोंदणी हे सगळे पुन्हा बसवावे लागते, आणि त्यात सेवा केंद्राचे दोन दिवस जातात. डिस्क खराब झाली असेल किंवा विंडोजच्या फाइलीच तुटल्या असतील, तरच फॉरमॅट योग्य. तेव्हा धुळ्याला किंवा शिरपूरला लॅपटॉप घेऊन जाताना तीन गोष्टी कागदावर लिहून न्या: तो कोणत्या अवस्थेत अडकतो, शिफ्टसह शट डाउन केल्यावर काय होते, आणि इव्हेंट व्ह्यूअरमधली कालच्या संध्याकाळची नोंद. त्या बघितल्याशिवाय फॉरमॅटला होकार देऊ नका.